चार फुटांची उतरंड

जानेवारीतली सकाळ, साडेआठची वेळ. परभणी-जिंतूरकडच्या कुठल्याही बांधावर पाहावं, तर दगडावर सरडा पसरलेला दिसतो. अंग काळपट, बरगड्या फाकवून चपटा झालेला, आणि कूस नेमकी सूर्याकडे. अकरापर्यंत तोच सरडा फिकट पडतो आणि बाभळीच्या विरळ सावलीत सरकतो. मे महिन्यात हा सगळा कार्यक्रम सातला सुरू होऊन नऊला आटोपतो. मग दिवसभर तो बिळात, नाहीतर झुडपाच्या पोटात. त्याच्या अंगात आपल्यासारखी भट्टी नाही. खाल्लेलं पचवायचं, पळायचं, रोगाशी झुंजायचं, या सगळ्याची ऊब तो बाहेरून उसनी घेतो आणि जास्त झाली की सावलीत जाऊन फेडून टाकतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणून आपण त्याला हसतो. पण त्या धावेत तापलेला दगड, अर्धवट सावली, गार माती आणि खोल बीळ एवढं सगळं येतं. पाळलेल्या सरड्याचं कुंपण चार फुटांवर असतं, आणि तेवढ्यातच त्याला हे सगळं मिळावं लागतं.

म्हणून पिंजऱ्याचं तापमान किती ठेवायचं, याला एका आकड्याचं उत्तर देता येत नाही. घरात मडक्यांची उतरंड असते, थोरल्यावर धाकटं, तशी पिंजऱ्यात तापमानाची उतरंड लावायची असते. एका टोकाला सगळ्यात गरम, दुसऱ्या टोकाला सगळ्यात गार, आणि मधल्या पायऱ्या शाबूत. कुठल्या वेळी कुठल्या पायरीवर बसायचं ते जनावर ठरवतं.

आपल्याकडे हौसेनं पाळला जाणारा परदेशी सरडा म्हणजे बहुधा बिअर्डेड ड्रॅगन, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. त्याचे आकडे असे धरावेत: दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, गरम टोकाची हवा ३० ते ३२, थंड टोक २४ ते २७, रात्री १८ ते २४. लहान पिलाला दगड वरच्या आकड्याकडे झुकलेला चालतो, मोठ्याला थोडा कमी. हवेतला ओलावा ३० ते ४० टक्के पुरतो, त्यामुळे मराठवाड्याची कोरडी हवा त्याला मानवते. हिरव्या इग्वानाचं तसं नाही. त्याला ६० ते ८० टक्के ओलावा आणि माणसाच्या उंचीचा पिंजरा लागतो. एप्रिलच्या दुपारी जिथे वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक होते, तिथे एवढा ओलावा टिकवायचा तर दिवसभर पाणी फवारत बसावं लागेल, आणि इथे पाण्याचं काय ते वेगळं सांगायला नको. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात इग्वाना पाळण्याचा हट्ट न केलेला बरा. शिवाय इग्वाना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या (सायटिस) यादीतला प्राणी असल्यानं त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. घोरपडीचं नावही काढू नये. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बांधावरचा सरडा बांधावरच छान दिसतो.

पिंजरा ४ फूट लांब, २ रुंद, २ उंच. याहून लहान पिंजऱ्यात उतरंड लागतच नाही, कारण दोन्ही टोकं एकाच दिव्याच्या आवाक्यात येतात. पूर्ण काचेची टाकी मराठवाड्यात दोन्ही ऋतूंत गैरसोयीची: हिवाळ्यात ऊब टिकत नाही, उन्हाळ्यात खोलीची सगळी धग आत येते. त्यापेक्षा सुताराकडून १२ किंवा १८ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायचा पिंजरा करून घ्यावा, पुढे ५ मिलिमीटरची सरकती काच. हवेसाठी दोन जाळ्या: गरम टोकाला वर, थंड टोकाला खाली. गरम हवा वरून निघते आणि तिच्या जागी गार हवा खालून येते. दोन्ही जाळ्या एकाच उंचीवर केल्या की हा प्रवाह मंदावतो आणि उन्हाळ्यात पिंजरा कोंदतो. सुताराला हे आधीच चित्र काढून दाखवावं. त्याच्या हाताला कपाटाची सवय असते, आणि कपाटात हवा खेळायची गरज नसते.

दिव्यासाठी चिनी मातीचा होल्डर घ्यावा. प्लॅस्टिकचा होल्डर महिन्या-दोन महिन्यांत पिवळा पडून चुरतो आणि एखाद्या दिवशी दिवा खाली येतो. दिवा हॅलोजन किंवा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, ६० ते १०० वॅटचा. एलईडी या कामाचा नाही, तो उजेड देतो पण दगड तापवत नाही. साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पिवळे बल्ब आता शोधावे लागतात; कुक्कुटपालनाचं सामान विकणाऱ्याकडे पिलांना ऊब द्यायचे बल्ब हमखास मिळतात. मात्र तिथला २५० वॅटचा लाल दिवा घेऊ नये. चार फुटांत तो थंड टोक शिल्लक ठेवत नाही. बल्बभोवती जाळीचा पिंजराही हवा, नाहीतर जनावर उडी मारून चिकटतं आणि भाजतं.

दिव्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा. फरशीच्या दुकानामागे असे तुकडे पडलेलेच असतात. शहाबादी हळू तापते आणि दिवा बंद झाल्यावरही काही वेळ ऊब धरून ठेवते, त्यामुळे पोटाखालून सावकाश ऊब मिळते. काळा कडप्पा याहून लवकर आणि जास्त तापतो, म्हणून तो वापरायचा तर दिवा चार बोटं वर न्यावा. आत वायर असलेले, विजेवर तापणारे कृत्रिम दगड बाजारात मिळतात, ते टाळावेत. सरड्याला वरून येणारी उष्णता चांगली कळते, पण पोटाखालच्या चटक्यानं तो वेळेवर उठेलच असं नाही. पोट भाजलेल्या सरड्यांमागे बऱ्याचदा हाच दगड असतो.

यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी ट्यूब दिव्याच्याच बाजूला, पिंजऱ्याच्या साधारण अर्ध्या लांबीची. जागेच्या सोयीसाठी पुष्कळ जण ती थंड टोकाला लावतात. कातडीत अतिनील किरणांनी जे द्रव्य तयार होतं, त्याचं ड-३ जीवनसत्त्व व्हायला उष्णता लागते. ऊन आणि ऊब निसर्गात एकाच दगडावर मिळतात, तशीच ती पिंजऱ्यातही एकाच जागी असावीत. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन मोजू नये; काच ऊब आत सोडते, यूव्हीबी अडवते. बोअरच्या पाण्याची फवारणी ट्यूबवर उडाली की क्षारांची पांढरी साय धरते, ती पंधरा दिवसांनी लिंबाच्या फोडीनं पुसून घ्यावी. अर्थात ट्यूब काढून, गार झाल्यावर.

आता मापन. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर काचेचं तापमान सांगतो, तेही अंदाजानं. दोन वस्तू घ्याव्यात. एक, वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान टिपणारं बोंड, असलेला डिजिटल थर्मामीटर, दिवसातलं कमाल-किमान लक्षात ठेवणारा. दोन, वस्तूला न शिवता तिच्या पृष्ठभागाचं तापमान सांगणारी इन्फ्रारेड गन. कोविडच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची गन चालत नाही; ती माणसाच्या अंगाच्या तापमानापुरतीच बांधलेली असते. हार्डवेअरच्या दुकानातली, शंभराच्या पुढे मोजणारी गन घ्यावी आणि ती नेहमी काच सरकवून आत धरावी. काचेबाहेरून मारली तर ती काचेचंच तापमान दाखवते. चकचकीत स्टीलवरही तिचा आकडा खोटा येतो. दगड, लाकूड, माती यांच्यावर बरोबर. प्रोब तपासायचा असेल तर बर्फ कुटून ग्लास गच्च भरावा, वर थोडं पाणी ओतावं, पाच मिनिटांनी प्रोब बुडवावा. शून्याऐवजी दीड दाखवला तर तेवढं कायम वजा धरायचं.

जनावर आणण्याआधी रिकामा पिंजरा दोन दिवस चालवून पाहावा. दिवा दगडापासून ३० सेंटिमीटरवर ठेवून सुरुवात करावी, तासभर थांबावं, मग दगड मोजावा. ४६ आला तर ५ सेंटिमीटर वर, पुन्हा तासभर. घाई केली की दगड पूर्ण तापण्याआधीच आकडा घेतला जातो आणि दुपारी तो पाच अंशांनी पुढे गेलेला असतो. चार जागा आणि चार वेळा, म्हणजे दिवसाला सोळा नोंदी, एका वहीत. ही वही पुढे पशुवैद्याकडेही कामाला येते. मराठवाड्यात परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण गावातल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशी-शेळ्यांवर बसलेला असतो. त्यांच्यासमोर खात नाही एवढंच सांगण्यापेक्षा थंड टोक आठवडाभर ३४ होतं असं सांगता आलं, तर अर्धं निदान तिथेच होतं.

पिंजरा तापवायचा कसा, यावर हवा तेवढा सल्ला मिळतो, कारण त्यातला बराचसा थंड देशांत लिहिला गेलेला असतो. मराठवाड्यात दगड तापवायला अक्कल लागत नाही. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत थंड टोक थंड ठेवणं हेच खरं काम. बाहेर ४२ असताना वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली दुपारी सहज ३७-३८ होते, आणि स्लॅबची गंमत अशी की तो दिवसभर पिऊन घेतलेली धग रात्री दहाला खोलीत सोडत असतो. माणसं गच्चीवर पाणी शिंपडून झोपायला जातात. पिंजरा मात्र त्याच खोलीत राहतो. खोलीच ३७ असेल तर पिंजऱ्यात २६ कुठून येणार? त्यामुळे इलाज खोलीपासून सुरू करावा. पिंजरा खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर उंचीवर. पश्चिमेची भिंत नको. गच्चीला चुना मारावा, वर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधावी. ती शेतीसेवा केंद्रात मिळते. ज्याच्याकडे जुनं माळवदाचं घर अजून उभं आहे, त्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्या जाड मातीखाली दुपार बरीच उशिरा पोचते.

मेमध्ये दिव्याचं वेळापत्रक बदलावं. बास्किंगचा, म्हणजे दगड तापवणारा दिवा सकाळी साडेसहा ते दहा. थंड टोक ३२ च्या वर गेलं की दिवा बंद, फक्त यूव्हीबी चालू. अंडी उबवणीच्या यंत्रात वापरतात तो, तापमान पाहून आपोआप चालू-बंद करणारा एसटीसी-१००० जातीचा कंट्रोलर इथे उपयोगी पडतो. त्यात तापवण्याचा आणि गार करण्याचा असे दोन रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच असतात. उन्हाळ्यात प्रोब थंड टोकाला बांधून गार करण्याच्या रिलेवर चार इंची एक्झॉस्ट पंखा लावावा: नेमलेला आकडा २९, फरक २, म्हणजे ३१ ला पंखा सुरू आणि २९ ला बंद. मागचे स्क्रू उघडे आणि २३० व्होल्टचे असतात, तेव्हा तो बंद डब्यात बसवूनच घ्यावा. आणि एक विसरू नये. खोली पिंजऱ्याहून गरम असेल तर हा पंखा पिंजऱ्यात धगच ओढतो. पंखा गारवा निर्माण करत नाही, खोलीतला गारवा फक्त आत नेतो.

खोलीत कूलर असेल तर एप्रिल-मेमध्ये त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. हवा कोरडी असल्यानं गवताच्या ताज्या पॅडचा कूलर खोली आठ-दहा अंशांनी सहज उतरवतो. झोत पिंजऱ्यावर थेट नको, समोरच्या भिंतीवर मारून वळवलेला असावा. ओलावा मोजत राहावं. खोली बंद ठेवून कूलर चालवला तर ओलावा ७० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि ओली-गार हवा ड्रॅगनच्या फुप्फुसाला सोसत नाही. एक खिडकी उघडी ठेवली की हा प्रश्न सुटतो, कूलरही नीट चालतो.

लाइट नसताना फुटक्या माठाचं खापर कामी येतं. मोठा अर्धगोल तुकडा घेऊन कडा दगडावर घासून बोथट कराव्यात, तासभर पाण्यात बुडवून थंड टोकाला पालथा घालावा. कोरड्या हवेत पाणी उडत राहतं आणि खालची जागा भोवतालापेक्षा काही अंशांनी गार राहते, माठातलं पाणी राहतं तशीच. दर दोन तासांनी वरून वाटीभर पाणी शिंपडलं की पुरे. त्यासोबत अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून थंड टोकाच्या कोपऱ्यात ठेवावी. कोपऱ्यातच, मधोमध ठेवली तर उतरंडच मोडते.

इतकं करूनही एखाद्या दुपारी जनावर थंड टोकाला तोंड उघडून धापा टाकताना, फिकट आणि ढिलं पडलेलं आढळलं तर वेळ थोडा असतो. दिव्याखाली बसून तोंड उघडलं तर ते बिघडलेलं नसतं, जास्तीची ऊब तो तशी सोडतो. थंड टोकाला तेच दिसलं तर त्याच्याकडे जायला आणखी गार जागा उरलेली नाही. त्याला बाहेर काढून पाय आणि पोट साध्या पाण्यानं ओलं करावं. बर्फाचं पाणी नको. आणि नळ सोडण्याआधी पाण्यात स्वतःचा हात घालून पाहावा: गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मेच्या दुपारी चहाला लावल्यासारखं येतं. पाणी माठातलं घ्यावं. मग डॉक्टर.

हिवाळा त्या मानानं सोपा. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरणं नवीन नाही. बंद खोलीत तेव्हा १४-१५ असतं. रात्रीसाठी ६० ते १०० वॅटचा, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, त्याच कंट्रोलरच्या तापवण्याच्या रिलेवर: आकडा २०, फरक १. लाल-निळे रात्रीचे दिवे नकोत, सरड्याला ते दिसतात आणि झोप मोडते. दिवसाच्या बल्बला हा चालू-बंद होणारा कंट्रोलर लावू नये. दर काही मिनिटांनी झपझप होऊन तारही लवकर तुटते. बल्बला दिव्याचा डिमर असतो, त्यावरचे वॅट पाहून घ्यावा. पंख्याचा रेग्युलेटर त्या कामाचा नाही.

प्रोब प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधावा. तो निसटून जाळीबाहेर लोंबला तर कंट्रोलर खोलीची थंडी मोजत राहतो आणि आत हीटर थांबतच नाही. यासाठी दोन अंश वर लावलेला दुसरा स्वस्त कंट्रोलर त्याच वायरीत पुढे जोडणारे शहाणे.

विजेचं गणित मराठवाड्यात वेगळं मांडावं लागतं. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज १७० वर येतं. सिरॅमिक हीटरची ऊब व्होल्टेजच्या वर्गानं घटते. १०० वॅटचा हीटर अशा वेळी जेमतेम ५५ वॅटचा उरतो, बल्ब साठेकचा. दुपारी लावलेला ४० चा दगड संध्याकाळी ३३ दिसतो तो त्यामुळे. स्टॅबिलायझर नसेल तर हीटर एक माप मोठा घेऊन कंट्रोलरवर सोपवावा. काट्याचा टायमर घेऊ नये: लाइट गेली की त्याचं घड्याळही थांबतं, आणि चार तासांच्या भारनियमनानंतर दिवा रात्री अकरापर्यंत जळत राहतो. आतल्या बॅटरीवर चालणारा डिजिटल टायमर घ्यावा. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर १०० वॅटचा हीटर, दुसरं काही न लावता, सात-आठ तास निघतो. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर मात्र हिशेब तासांचा राहत नाही, दिवसांचा होतो. तेव्हा खाऊ घालणं आधी बंद करावं. उपाशी सरडा दोन थंड दिवस काढतो. पोट भरलेल्याला ऊब मिळाली नाही तर अन्न आतच कुजतं. एरवीही शेवटचा घास दिवा मालवण्याच्या तीन तास आधी. पिंजऱ्यावर घोंगडी टाकायची ती सगळे दिवे आणि हीटर प्लगमधून काढल्यावरच, आणि जाळ्या उघड्या ठेवून. आत फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, दर चार तासांनी बदलायची.

मग मृग लागतो. पहिला मोठा पाऊस दुपारी चारला येतो, तासाभरात खोली दहा अंशांनी उतरते, माणसं भज्यांच्या मागे लागतात. दोन महिने दहाला दिवा बंद करायची हाताला सवय झालेली असते. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं, खोलीत २६, ओलावा ७०, आणि सरडा सकाळी अकराला विझलेल्या दिव्याखाली शहाबादीवर चपटा होऊन बसलेला, अंग पार काळं. कूलर बंद करायचा, खापर बाहेर काढून वाळवायचं, दिवा पुन्हा पूर्ण दिवसाचा लावायचा. वर्तमानपत्रातला पारा अजून ३५ च्या पुढे असेल, पण आकडा दगडाचा घ्यायचा.